एकशेविसावा विद्यार्थी

ओहायोतल्या त्या छोट्या कॉलेजात व्हर्लिन स्टकी बावीस वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसलेला. पहिली दहा वर्षं त्याचं काम एकच, नकार कळवायचे. आणि काय थाटात कळवायचा! 'आपला अर्ज वाचून आनंद झाला, परंतु...' त्या 'परंतु'वर गड्याने अर्धी नोकरी ऐटीत काढली.

मग त्या भागात पोरंच कमी जन्मली, आणि जन्मली ती शहाणी निघाली. आता व्हर्लिन अर्जच न केलेल्यांनाही प्रवेश मिळाल्याची पत्रं धाडतो. मागे एक पत्र पेट्रोलपंपावरच्या एकसष्ट वर्षांच्या बाईला गेलं. तिने ते गल्ल्याशेजारी चिकटवलं, गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून.

यंदा अध्यक्ष ऑर्विल थेन छातीवर हात ठेवून म्हणाले, "विद्यार्थी म्हणजे आपल्याला आकडा नाही. विद्यार्थी म्हणजे कुटुंब!" मग दम घेऊन, "आकडा एकशे वीस. एक जरी कमी पडला, तर व्हर्लिन, तुमचा विभाग बंद."

एप्रिल संपत आला तरी एकशे एकोणीसच. एकशेविसावं नाव व्हर्लिनने लेकीचं घातलं, डेलाचं. तिला विचारायची गरज काय? कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी माफ असते!

डेलाच्या शाळेतल्या करिअर मेळाव्यात त्याने टेबल मांडलं, वर कॉलेजचं नाव छापलेले लिप बाम. शेजारी वायरिंगचं काम शिकवणाऱ्या इलेक्ट्रिशियनांच्या युनियनचं टेबल. तिथली रांग पार दारापर्यंत. रांगेत डेला. आणि नेमके थेन साहेब पाहणीला आले.

"ही आपली एकशेविसावी ना?"

व्हर्लिन धावला. "डेला, अगं फुकट आहे!"

"लिप बामही फुकट आहेत, बाबा. आत्ता एकाने परत ठेवला."

"चार वर्षांत तुझं व्यक्तिमत्त्व..."

"...सर्वांगाने फुलेल! विचारांची क्षितिजं रुंदावतील!" डेलाने हुबेहूब बापासारखी मान तिरकी करून, डोळे मिटून म्हणून दाखवलं. रांग खो खो हसली. "इथे शिकताना पगार देतात. माझं नाव खोडा."

त्याने खोडलं. थेन जवळ आले, आवाज मधासारखा. "व्हर्लिन, फी कर्मचाऱ्यांनाही माफ असते ना?"

"असते, सर. पण माझी पदवी झालीय. आपल्याच कॉलेजची."

"उत्तम! म्हणजे कॉलेज कसं आहे हे समजावत बसायला नको."

व्हर्लिनने एकदा त्या लांब रांगेकडे पाहिलं, आणि अर्जावर स्वतःचं नाव लिहिलं. वय, पत्ता, सगळं भरलं. 'आवडीचा विषय' या रकान्यापाशी मात्र पेन अडलं.

थेन त्याच्या खांद्यावरून वाकले. "इतिहास टाका. तिथे अजून एकही पोरगं नाही."