बाहेरून बांधायचा तंबू

आमच्या मेहुण्यांची गोष्ट मी सांगायला लागलो की आमची ही उठते आणि पंखा पाचावर करते. त्या खडखडाटात माझा आवाज बुडावा, एवढाच हेतू. पण आत्ता ती बाजारात गेली आहे, तेव्हा सावकाश सांगतो.

मेहुणे माझ्याहून दीड वर्षाने लहान, तरी मीही त्यांना दादाच म्हणतो. त्या घरात कुत्रं पाळलं असतं तर त्यानेही दादाच म्हटलं असतं. चार भावंडांत ते थोरले. त्यांच्या पाठची आमची ही. मग धाकटा, जो बँकेत साहेब झाला आणि निवृत्त होऊन वर्ष झालं तरी अजून खाली उतरलेला नाही. शेवटची बारकी. वय वर्षं अठ्ठावन्न, गुडघे दोन्ही गेलेले, पण बारकीच.

दादांचा धंदा ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवायचा. बेचाळीस वर्षं एकाच लांबुळक्या खोलीत. खोलीत खुर्ची नाही, टेबल नाही, नुसतं कापड. कापड ओढून ओढून फरशी आरशासारखी झालेली. मधोमध दादा मांडी घालून, उजव्या तळहाताला चामड्याची पट्टी, हातात वीतभर दाभण, आणि मेणाचा वास असा की त्यांनी आमच्याकडे चहा घेतला की कपाला दोन दिवस मेणबत्तीचा वास यायचा. भेटायला गेलं तर "या, बसा" नाही. "भाऊजी, जरा सरका, कापडाच्या कडेवर बसलात." माझ्या मुलीच्या लग्नात या गृहस्थांनी नवरदेवाकडे नंतर पाहिलं, आधी मांडवाची शिलाई उलटी करून पाहिली. आणि नाक मुरडलं.

त्यांचा अभिमान एकच. दादांच्या ताडपत्रीतून पाण्याचा थेंब आत जात नाही आणि उजेडाचा कवडसाही नाही.

आणि गोष्टही एकच. ती मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकली आणि त्यानंतर किती वेळा ते मोजणं सोडून दिलं. वडिलांची बदली झाली तेव्हाची. सगळा संसार ट्रकमध्ये भरला, आई-वडील पुढे ड्रायव्हरशेजारी, पोरं मागे भांड्याकुंड्यांत, वरून ताडपत्री. "तीन तासांचा रस्ता, भाऊजी, आणि आत नुसता हशा! असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही." इथे दादा थांबायचे आणि दाभणाकडे बघत बसायचे.

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. आता ट्रकवाले प्लास्टिक घेतात. फाटलं की फेकलं. गोदामात चांगल्या कापडाचा एक तागा उरला होता. त्याचा दादांनी तंबू शिवला. एकवीस माणसांचा. चारही भावंडं, मुलं, सुना, नातवंडं, सगळे एका कापडाखाली एक दिवस, आणि पुन्हा तो हशा. बस, एवढंच हवं होतं माणसाला. ते काही असं तोंडाने बोलले नाहीत. पण फोनवर प्रत्येकाला ट्रकची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते, त्यावरून मी काय ते समजलो.

"दादा, गाद्या आहेत का?" धाकट्याने विचारलं.

"गाद्या कशाला? तेव्हा आपण पातेल्यांवर बसलो होतो."

एकवीसपैकी आलो सात. एका सुनेची परीक्षा, एका जावयाची मीटिंग, एका नातवाचा ताप. बाकीच्यांनी फोनवर हसऱ्या तोंडाची चित्रं पाठवली. दादा-वहिनी, आम्ही दोघं, धाकटा आणि त्याची बायको, आणि बारकी. बारकीचा नवरा "ऐन वेळी अडकला". हा माणूस गेली तीस वर्षं ऐन वेळीच अडकतो.

जागा तळ्याकाठची होती. दादांनी ती वीस वर्षांपूर्वी पाहिलेली, आणि तळं मधल्या काळात बरंच मागे सरकलं होतं. काठ होता, पाणी पाच मिनिटांच्या चिखलापलीकडे. त्याच्या पलीकडे एक लॉज. धाकट्याने तिथे गुपचूप खोली राखून ठेवली होती. मला कसं कळलं? त्याच्या बायकोने आमच्या हिला शपथ घालून सांगितलं होतं. आमच्या घरी शपथ घातलेली बातमी आधी पोचते.

तंबू उभा करायला तीन वाजले. कापड एवढं जड की धाकटा एक टोक धरून "उचललं का?" विचारत होता आणि उचलत मात्र नव्हता. चार वाजता वारा सुटला. धूळ, पाचोळा, चहाचे कागदी पेले, सगळं अंगावर.

"आत! सगळे आत चला!" दादा ओरडले. आवाजात काय आनंद! सहाजण आत शिरलो. दादांनी बाहेरून दोरी ओवली, एकेका पितळी रिंगेतून, आणि खेचली.

आत जो काळोख झाला तो सिनेमा सुरू व्हायच्या आधीचा. खिडकी नाही, फट नाही. दिवसभर तापलेलं कापड, मेणाचा वास, सहा म्हातारी माणसं. मी कुणाच्या तरी पायावर बसलो. पाय बारकीचा निघाला.

"आई गं! भाऊजी, माझा गुडघा!"

"दादा, उघड!" आमची ही.

"अरे, जीव घुसमटतोय!" धाकटा. "उघडा रे कुणीतरी!"

आणि बाहेरून दादांचा खूश आवाज, "मजा येतेय ना? थांबा, अजून जरा आवळतो!"

खरंच आवळलं हो. आतला गोंधळ त्यांना हशाच वाटला. शेवटी वहिनींनी, ज्या एरवी सहा महिन्यांत एकदा बोलतात, कापडाला तोंड लावून सांगितलं, "अहो, माणसं मरतील." तेव्हा गाठी सुटल्या.

धाकटा लालबुंद होऊन बाहेर पडला. "आम्ही काय ट्रकचा माल आहोत? गाठी बाहेरून?" आणि तरातरा गाडीकडे गेला. बारकीनेही पिशवी उचलली आणि लंगडत त्याच्या मागे. चेष्टा करायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या वेळी दादांचा चेहरा पाहून मलासुद्धा काही सुचेना. हातात दोरी तशीच.

"बाहेरूनच असतात गाठी," ते पुटपुटले. "ट्रकच्या आत कोण बसतं?"

"आपण बसलो होतो की," आमची ही म्हणाली. मग थांबली. "म्हणजे आम्ही तिघं. तू कुठे होतास, दादा?"

दादा दोरी बोटाला गुंडाळायला लागले.

"रस्त्यात दोरी तुटली. बाबा म्हणाले, थोरल्या, तू मागच्या फळीवर बसून कड धर. तू बाहेर होतास, पूर्ण तीन तास."

बघा, एवढी वर्षं मी ती गोष्ट ऐकली आणि डोक्यात प्रकाश पडला नाही. आतला हशा हा माणूस सांगायचा, पण कशावरून हसले ते कधीच सांगायचा नाही. सांगणार कुठून? त्याला माहीतच नव्हतं.

"मग... काय हसत होतात?" दादांनी विचारलं. पासष्ट वर्षांचा माणूस, पण विचारलं अकरा वर्षांच्या पोरासारखं.

आमच्या हिने बारकीकडे पाहिलं. बारकी गाडीच्या दारापाशी थबकली होती. "तुला," बारकी म्हणाली. "ताडपत्रीला एक भोक होतं. त्यातून तू दिसायचास. सदऱ्यात वारा भरून तुझा भोपळा झाला होता. खाली दोन काड्यांचे पाय. मी ओकत होते आणि हसत होते."

"तीन तास?"

"तीन तास."

मला वाटलं, आता हे पाठ फिरवून चालायला लागणार. दादा म्हणाले, "ते भोक पुढे मीच शिवलं. माझा पहिला टाका तो."

वहिनी पुढे झाल्या आणि पिशवीतून मोठी कातर काढून त्यांच्या हातात दिली. "मग आता एक पाडा."

"नव्या कापडाला?"

"नव्या कापडाला."

दोन गाठींच्या मध्ये त्यांनी कातर लावली तेव्हा त्यांचा चेहरा असा, की जणू स्वतःचाच दंड कापताहेत. पण कापलं. खालपासून वरपर्यंत, सरळ रेघेत. वाकडं कापणं त्यांच्या हाताला जमतच नाही. आत उजेड शिरला, हवा शिरली, आणि मोकळी झालेली कड वाऱ्यावर फडाफडा आपटायला लागली. दादा सवयीने पुढे झाले आणि बाहेरूनच ती धरून उभे राहिले.

आमच्या हिने त्यांचा सदरा मागून पकडला. "तू आत."

"मग कड कोण धरणार?"

आम्ही सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. एक नजर लॉजकडे, एक नजर दादांकडे. मग किल्ली खिशात टाकली, आणि ते चकचकीत बूट चिखलात रोवून साहेबांनी दोन्ही हातांनी कड धरली.

खोटं कशाला बोलू, झोपायला आम्ही सातही जण लॉजवरच गेलो, आणि धाकट्याने ती खोली राखल्याबद्दल त्याला सगळ्यांनी दुवा दिला. पण त्याआधी, चांगला तासभर, दादा तंबूत मांडी घालून बसले होते. एका बाजूला आमची ही, दुसऱ्या बाजूला पाय पसरून बारकी. त्यांनी वर पाहिलं, बाजूला पाहिलं, शिलाईवर बोट फिरवलं.

"आत एवढंच असतं होय?" ते म्हणाले. पण उठले नाहीत.

तेवढ्यात बारकीने कोपराने त्यांना ढोसलं आणि फटीकडे बोट दाखवलं. बाहेर धाकट्याच्या महागड्या जॅकेटमध्ये वारा शिरला होता. भोपळा! अगदी तोच भोपळा, फक्त चष्मा लावलेला. बारकी फिसकन हसली, मग आमची ही, मग वहिनीसुद्धा. दादांना कळायला क्षणभर लागला. मग ते हसले. मेहुण्यांना मी चाळीस वर्षं ओळखतो, पण त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तीन कमी आहेत.

"काय झालं रे आत?" बाहेरून धाकट्याचा आवाज आला. "काय हसताय? मलापण सांगा की!"

दादांनी तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"काही नाही रे," ते ओरडले. "तू घट्ट धर!"