म्हाळसा परसातून गेली

म्हाळसा धनगरीण एकटीच सणसरात आली तेव्हा अख्ख्या गावानं आ वासला. एकोणीसशे चौतीसची दिवाळी नुकतीच झाली होती. तिचा नवरा म्हस्कू उन्हाळ्यात वारला होता. मोरगावकडून निघायचं, कालव्याकाठच्या वावरांत रात्री मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात जोंधळा घ्यायचा, हा त्यांचा धंदा. पण वावरं ठरवायची ती पुरुषांनी. यंदा वावरं मिळाली नाहीत तर कळप माझ्या ताब्यात द्यायचा, असं दीर बिरूनं तिला बजावलं होतं.

माझ्या वडलांनी, आबांनी, तिला आमच्या ओसरीवरूनच उडवून लावलं. "बाईमाणसासंगं कसली बोलणी? दिराला धाड." ती मागच्या परसातून निघून गेली. मी पंचवीस वर्षांचा घोडा तिथंच सुपारी कातरत बसलो होतो. मलाही आबांचं पटलं होतं, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि मी रानात गेलो आणि जागच्या जागी थिजलो. आमच्या मोकळ्या पट्टीत तिची दीडशे मेंढरं!

"चंद्राक्कानं शबूद दिलाय, आबा," म्हाळसा म्हणाली.

चंद्राक्का म्हणजे माझी आई! आणि ती एकटी नव्हती. कुणाच्या बायकोनं, कुणाच्या सासूनं, असं करत गावातल्या बायकांनी मेंढरं बसवायच्या वीस रात्री ठरवून टाकल्या होत्या. बिरूला आता कळप मिळणं सोडाच, मेंढरू बसवायला बांधसुद्धा उरला नव्हता. एवढं सगळं घडलं आणि आम्हा मिशीवाल्यांना वाससुद्धा लागला नाही!

आबा तरातरा घरी आले. "तू शबूद दिलास?"

"व्हय."

आबांपुढं आईचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"बारा वर्सं झाली, ती गावोगाव आमच्या म्हायेरी थांबती. जाताना निरोप न्हेती, येताना आणती. कुणाची भण बाळंत झाली, कुणाचा बा आजारी हाय, समदं ध्येनात ठेवती. कळंबला माझी आय अंथरुणाला खिळली, तवा वांग्याची तोड हाय म्हणून तुमी मला धाडलं न्हाय. तिच्या तोंडात शेवटचं पाणी म्हाळसानं घातलं."

आबा खाली बसले. मग मला म्हणाले, "तिला ओसरीवर बोलीव."

"ती न्हाय यायची," आई म्हणाली. "तुमीच जावा."