जास्वंदीवरचा लसूण

बी.एस्सी.ला बॉटनी घेतली तेव्हा लोक मला आपल्या कुंड्या दाखवतील असं वाटलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात हे मलाही तिथे गेल्यावरच कळलं. पानाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकवतात. झाडाला कीड लागली तर काय करायचं, हे अजून तरी शिकवलेलं नाही.

घरमालकीण काकूंना हे कसं सांगावं ते मला सुचलं नाही. हैदराबादेत, दिलसुखनगरच्या त्यांच्या घरात वरची खोली माझी. "बॉटनीवाली आहेस ना गं? मग बघ की जरा," म्हणत त्यांनी मला जास्वंदीपुढे उभं केलं. फांद्यांवर कापूस चिकटवल्यासारखी पांढरी कीड होती, आणि कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. देवाला रोज याच झाडाची फुलं लागत.

"दुकानातलं विष नक्को," काकूंनी बजावलं. "घरातल्या वस्तूंचंच कर काहीतरी."

घरातल्या म्हणजे माझ्या घरातल्या की त्यांच्या, हे मी विचारलं नाही. मोबाइलवर कृती सापडली: लसूण आणि हिरव्या मिरच्या वाटून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, गाळायचं, थोडं साबणाचं पाणी घालून फवारायचं. पण काकूंच्या घरात कांदा-लसूण येत नाही. खोली देतानाच त्यांनी तसं सांगितलं होतं. बाबांनी लगेच होकार दिला होता, कारण मुलगी कुणाच्या तरी घरात राहणार असेल तरच हैदराबाद, नाहीतर परत नांदेड, असं त्यांचं ठरलेलं होतं.

मी पुष्कळ विचार केला. नियम खाण्याचा आहे, आणि हे कुणी खाणार नाही. तरीही वाटण मैत्रिणीच्या हॉस्टेलवर केलं, बाटली घट्ट बंद करून आणली आणि काकू भजनाला गेल्यावर फवारलं.

परत आलेल्या काकू फाटकातच थांबल्या. पदर नाकाला.

"वर काय शिजवलंस?"

"काही नाही काकू. झाडाला औषध मारलं."

"लसणाचं?"

मी मान डोलावली.

"आता ही फुलं मी कुठल्या देवाला वाहू, सांग. लाव तुझ्या बापाला फोन. म्हणावं, सामान न्यायला या."

बाबांचा नंबर यादीत सगळ्यात वर असूनही मला सापडेना.

तेवढ्यात काका बाहेर आले. सिकंदराबादला रेल्वेत होते, आता निवृत्त, माणूस मवाळ. मला वाचवावं म्हणूनच बोलले असावेत. त्यांनी एक पान हुंगलं.

"एवढं काही नाही. कच्चा लसूण आहे, हिरवी मिरची आहे. मीठ नाही. दोन दिवसांत वास जाईल. लोण्यात परतलेला असता तर गेला नसता. तो शर्टाला बसतो."

काकूंनी नाकावरचा पदर खाली घेतला.

"कुणाच्या शर्टाला?"

काका पानच बघत राहिले.

"मी विचारते, कुणाच्या?"

"अफझलगंजच्या लायब्ररीला जातो ना मी पेपर वाचायला. बाहेर पावभाजीची गाडी असते. तिचा वास येतो."

"वास येतो, की खाता?"

"आधी वास येतो," काका म्हणाले.

काकू पायरीवर बसल्या. मग त्या म्हणाल्या, "पोरीनं निदान झाडाला घातला." आणि माझ्याकडे न बघता, "ठेव तो फोन."

जास्वंदीला नव्या कळ्या येईपर्यंत देवाची फुलं बाजारातून आणायची, असा निकाल लागला. आणायची काकांनी, संध्याकाळी. बरोबर मी, कारण मला खोटं बोलता येत नाही हे काकूंना एव्हाना कळलं होतं.

पहिल्याच दिवशी फुलं घेऊन झाल्यावर काका एका गाडीपाशी थांबले. तव्यावर लोणी तडतडत होतं.

"मी नुसता उभा आहे," ते म्हणाले. "तिनं विचारलं तर तेवढंच सांग."

घरी गेल्यावर काकूंनी विचारलं. काका नुसते उभे होते, असं मी सांगितलं. किती वेळ, ते त्यांनी विचारलं नाही.