नमुन्याचे मासे

थंडीत माझ्या नायगावच्या तळ्यातल्या रोहूंच्या अंगावर लाल चट्टे उठले. त्याच आठवड्यात जळकोटला साडूच्या तळ्यातही तेच झालं. होणारच, दोन्ही तळ्यांचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, मीच घासाघीस करून एका गाडीत आणलं होतं. मी सायकलला टोपली बांधून मासे विकत विकत स्वतःच्या तळ्यापर्यंत पोचलो. साडू शाळेत मास्तर, तळं त्याचा छंद. तरी सासरी कौतुक त्याचंच.

माशांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं आम्हा दोघांकडून नमुने मागवले. मी दहा मासे निवडले, एकेक चकचकीत, आणि बर्फात रचून नांदेडहून ट्रॅव्हल्सनं पाठवले. चार दिवसांनी तिथल्या मॅडमचा फोन आला.

"तुमचे मासे निरोगी आहेत. आजारी कुठंयत?"

"आजारी माल कोण पाठवतं, मॅडम?" मी भडकलो. "माझी काही इज्जत हाय का न्हाई?"

जन्मभर व्यापाऱ्याला निवडक माल दाखवत आलो, हात तिकडंच गेला. त्यांना हवे होते आजारी, पण जिवंत; तपासल्याशिवाय औषध सांगायला त्या तयार नव्हत्या. तोवर काठाला रोज टोपलीभर मेलेले मासे लागत होते. आणि साडूचा रिपोर्ट येऊन, औषध पडून, त्याचे मासे पुन्हा खाद्याला वर येऊ लागले होते. माझे मेले त्यापेक्षा त्याचे जगले, हे जास्त झोंबलं.

"फोन करा की त्यायला," बायको म्हणाली.

"त्या मास्तराला? मी?"

शेवटी तिनंच केला. दुसऱ्या दिवशी तो आला, पँट दुमडून पाण्यात उतरला आणि कडेला कलंडून तरंगणारे, चट्टे पडलेले मासे हलकेच जाळीत घेतले.

"साडूभाऊ, तुमी तर पोरगी दाखवायला सजवल्यावानी मासे धाडले!"

बायको हसली. मी दात आवळून प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं. त्यानं ऑक्सिजन सोडला, तोंड बांधलं, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली. मग नांदेडला ट्रॅव्हल्सजवळ त्यानं खोक्यावर कागद चिकटवून पाठवणारा म्हणून स्वतःचं नाव, स्वतःचा नंबर लिहिला.

"लॅबमंदी मला वळखतेत. लवकर बघतील."

तळं माझं, मासे माझे, मरण माझं, आणि नाव याचं! कागद टराटरा फाडावा वाटला. पण आत मासे तोंड उघडत होते आणि ट्रॅव्हल्सवाला हॉर्न देत होता. मी खोका उचलून ड्रायव्हरच्या हातात दिला.

रिपोर्ट साडूच्या फोनवर आला. माझ्या तळ्याला काय झालंय, ते जळकोटला आधी कळलं.