ट्रकला घातलेलं वंगण

दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतले जुने ट्रक लिलावात निघाले. त्यातला एक धसईच्या एका भातव्यापाऱ्याने उचलला. हा शेठ गड्यांकडून पोती चढवून घ्यायचा आणि चढवण्याची मजुरी मात्र द्यायचा नाही. त्याच्याविरुद्ध मी पत्रक लिहिलं आणि छापूनही आणलं. ते वाटायला मुरबाडला निघालो तो त्याच्याच ट्रकमधून, कारण दुसरं वाहन नव्हतं. याची लाज मला तेव्हा वाटली नव्हती, आजही वाटत नाही.

ड्रायव्हर धसईचाच. पूर्वी तो बैलगाडी हाकायचा, छावणीत मजुरी करता करता ट्रक शिकला. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला पुढारी. मागे भाताच्या पोत्यांवर एक भाजीवाली मावशी कारल्याची पाटी घेऊन बसली होती.

चढ संपला आणि इंजिन एकदम बोंबलायला लागलं. दादाने पाय उचलला होता, तरी एक्सलेटर खाली तो खालीच. उतारावर ट्रक सुसाट सुटला. दादाने स्विच बंद केला आणि ब्रेकवर उभाच राहिला. बांधाला लागता लागता ट्रक थांबला.

“दुसऱ्यांदा झालं,” तो म्हणाला. “मागल्या खेपेला शेठ बोलला, परत असा अडकला तर चाकरी सुटली समज. मागनं दमणीला बैल जुंपून येतोयच तो.”

मला हेच हवं होतं. मी म्हणालो, “घाबरू नका दादा. भंगार गाडी त्याने आणली, जीव तुमचा जातोय. मी बोलतो त्याच्याशी.”

“बोलशील मग. आधी ह्ये धर.”

त्याने बॉनेट उघडलं. एक्सलेटरच्या पायदांडीपासून इंजिनापर्यंत एक लोखंडी सळई जाते, मधे दोन सांधे आणि सळई मागे ओढणारी एक स्प्रिंग. ते सगळं काळ्या चिकट लगद्याने माखलं होतं. त्यात रस्त्याची धूळ आणि भाताची तुसं बसून गोळा झाला होता. मी बोट लावून वास घेतला. जळलेल्या पेंढ्याचा वास. बैलगाडीच्या आसाला घालतात ते वंगण, पेंढ्याची राख तेलात खलून केलेलं.

“हे कोणी घातलं?”

“मीच. रोज सकाळी.”

“ट्रकला?”

“जे फिरतं त्याला वंगण लागतं. नाय लागत?”

मला एकदम सुचलं. “म्हणजे शेठने ग्रीस दिलं नाही! चिक्कूपणा! हेच मी लिहिणार.”

“दिलंय की. डबा भरून दिलाय. घरात पडलाय. त्येला कसला वास आहे? आपलं ते आपलं वंगण.”

वरून मावशी म्हणाली, “बायकोच्या डोक्याला तेल नाय, नि ट्रकला रोज मालीश! आटपा रे, कारली सुकली माझी.”

मी बाह्या वर केल्या. सळई काढली, टाकीतल्या पेट्रोलमध्ये धुतली. पुसायला चिंधी सापडेना. दादाने माझ्या पिशवीकडे बघितलं. आठदहा पत्रकं गेली. शेठवरचा जळजळीत मजकूर काळा होत गेला आणि सांधे स्वच्छ निघाले. सळई परत बसवून सोडली की स्प्रिंग तिला टणकन मागे घेई. दादा पाचसहा वेळा तेवढंच करत राहिला.

तेवढ्यात दमणी आली. शेठ उतरला. मी पुढे झालो, “तुमच्या असल्या भंगारापायी आज तीन माणसं...”

“शेठ,” दादा मधेच बोलला, “वंगण मी घातलं व्हतं. त्यानं अडकला. मागल्या टायमालाही त्यानंच.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अरे, गप्प बस ना! तुझ्यासाठीच भांडतोय मी!

शेठने खाली पडलेला लगदा बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

“एरंडेल घातलंस?”

“थोडं. करंजाचं जास्ती.”

“म्हणून चिकट झालं. आमचा बाप निव्वळ एरंडेल घालायचा.” मग त्याने दमणीच्या चाकाकडे बोट केलं. “हिला घाल. कवापासून करकरतेय. ट्रकला परत लावलंस तर मात्र हाकलीन.”

“नाय लावत.”

दादाने बैठकीखालून वंगणाचा बांबूचा नळा काढला आणि दोघे चाकाशी उकिडवे बसले. बाप किती वेळ खलायचा, पेंढा नवा की जुना, असं काय काय चाललं होतं. उरलेली पत्रकं हातात धरून मी रस्त्यात उभा. मजुरी बुडवणारा हाच माणूस, त्यात खोटं काही नव्हतं. दादाची चाकरी वाचली हेही खरं, आणि ती मी वाचवली नव्हती. मग मी चिडलोय कुणावर, हे मला धड सांगता येईना.

“पुढारी,” शेठने न बघताच विचारलं, “येताय का मुरबाडला, का चालत जाताय?”

मी पोत्यांवर चढलो. मावशीने पाटी जरा सरकवून जागा दिली.