रुपचंद अनेरवर गेला तो दिवस

धुळ्याच्या सहाव्या गल्लीत रुपचंद शिंप्याचं दुकान होतं, तेव्हा त्याच्या हातची कॉलर लोक दुरून ओळखायचे. पुढे त्याच्या बायकोला, कलाबाईला, लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभही थोडी जड झाली. मुलीचं लग्न होऊन ती सुरतेला गेलेली, घरात तिसरं माणूस नाही. रुपचंदने दुकानाला कुलूप लावलं, मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं आणि पुढच्या खोलीत दारापाशी मांडलं. मधल्या खोलीत कलाबाईची खाट. तिच्या उशाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. काही लागलं की तिने चमचा वाटीवर वाजवायचा.

ती फार वेळा वाजवायची असं नाही. पण वाजेल, या भीतीने रुपचंदचे पाय पायडलवर सुखाने चालेनात. अर्ध्या शिवणीत तो थांबायचा, मान वळवून ऐकायचा, मग पुन्हा चालू करायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तेच. माप घेता घेता तो एकदम आत जाऊन यायचा आणि म्हणायचा, "काही नाही, निजेल शे." कूस बदलून द्यायची, गोळ्या द्यायच्या, न्हाऊ घालायचं, भाकरी मऊ करून भरवायची, हे सगळं तो नीट करायचा. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. चौथं वर्ष लागलं तेव्हा त्याच्या शिवणी वाकड्या जायला लागल्या, आणि लोक आता निव्वळ भिडेखातर कपडे टाकतात, हे त्यालाही कळत होतं.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे देवचंद सर हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. सर हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी लोकांना पक्षी दाखवायला घेऊन जायचे. त्या मंडळींसाठी त्यांनी रुपचंदकडून दुर्बिणी ठेवायच्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेतल्या. पिशव्या न्यायला आले तेव्हा म्हणाले, "रुपचंदभाऊ, येत्या रविवारी अनेर धरणावर चाललोय. गाडीत एक जागा आहे. तुम्हीही चला."

रुपचंद हसला. "मला कुठलं जमतं सर."

आतून वाटी वाजली. तो उठून गेला. कलाबाई उशीवर मान कलती करून पडली होती. एकेक शब्द ओढत म्हणाली, "जा ना एक दिन. मी काय उठीसन पयी जासू का?"

"आन् तुनं कोन करी?"

"झुंबर येई. मी निरोप धाडेल शे."

झुंबरबाई म्हणजे तिची पाठची बहीण. नवरा वारल्यापासून पारोळ्याला एकटी राहायची. सर पिशव्या टाकायला आले तेव्हाही रुपचंदला चला म्हणाले होते; ते आतून ऐकून कलाबाईने शेजारच्या इंदिराबाईंच्या हाती तिला परस्पर निरोप पाठवला होता. आपल्याला न विचारता घरात असं काही ठरलं, याचं रुपचंदला जरा नवल वाटलं. रागही आला, पण रागवायला अंगात ताकद लागते. शनिवारी संध्याकाळी झुंबरबाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा नाही म्हणायची सोयच उरली नाही. तिला त्याने गोळ्या दाखवल्या. सकाळची ही, दुपारची ही, कूस अशी बदलायची, या अंगावर जास्त वेळ ठेवायचं नाही. झुंबरबाई सगळ्याला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "बठ्ठं व्हई जाई, दाजी. तुम्ही जा."

रविवारी उजाडायच्या आत मिनीबस निघाली. गाडीत डॉक्टर नवरा-बायको होते, बँकेतल्या लताबाई होत्या, कॉलेजची काही मुलं-मुली होती. सगळे गप्पांच्या रंगात. रुपचंद खिडकीशी बसला. शिरपूर येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, आता ती उठली असेल, आता तिला बसवलं असेल. झुंबर तिला डाव्या हाताला धरून तर ओढणार नाही ना.

धरणावर उतरल्यावर सरांनी सगळ्यांना गोळा केलं. "मोठ्याने बोलायचं नाही. एकदम हातवारे करायचे नाहीत. दिसलं की हळू सांगायचं." मग त्यांची नजर रुपचंदवर थांबली. रुपचंदने ठेवणीतला पांढराशुभ्र सदरा घातला होता. परगावी जाताना माणूस घालतो तसा.

"भाऊ, हा सदरा एका कोसावरून दिसेल त्यांना," सर हसत म्हणाले आणि आपल्या अंगावरची तपकिरी शाल काढून त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकली. रुपचंद ओशाळला. पण शाल उबदार होती.

पाणी लांबवर पसरलं होतं, पलीकडे सातपुड्याची निळसर रांग. पाण्यावर काळे-पांढरे ठिपके तरंगत होते. सर एकेकाची नावं सांगत होते. ते चक्रवाक, ते थापट्या, तो लांब शेपटीचा तलवार बदक. डॉक्टरीणबाई नवऱ्याच्या हातून दुर्बीण ओढून घेत होत्या. लताबाई तर एवढ्या हरखल्या होत्या की चिखलात पाय रुतला तरी त्यांना पत्ता नव्हता. रुपचंदच्या हातात दुर्बीण आली तेव्हा त्याला आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या, मग एक काळं वर्तुळ, मग नुसतं हलणारं पाणी.

"दिसला का भाऊ? लाल पायांचा, काठाशी उभा आहे तो. शेकाट्या."

"हो, दिसला."

त्याला काही दिसलं नव्हतं. पण सर आपुलकीने विचारत होते आणि मागे लोक खोळंबले होते. पुढेही सर विचारत गेले आणि तो हो म्हणत गेला. एका शेकाट्याला पाहायला माणसं एवढ्या पहाटे उठून येतात, ही गोष्ट त्याला खोटी वाटत नव्हती. फक्त ती आपल्यापर्यंत पोचत नव्हती. पोटरीत गोळे येत होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. दुपारची गोळी जेवणाआधी की नंतर, हे आपण झुंबरला सांगितलं का, ते त्याला काही केल्या आठवेना.

डबे खाऊन झाल्यावर सर म्हणाले, आता पाण्याच्या कडेने पलीकडच्या टोकापर्यंत जाऊ. रुपचंदने पुढे होऊन सांगितलं, "सर, मी इथेच बसतो. तुम्ही या जाऊन."

"बरं. याच वाटेने परत येऊ आम्ही."

एका बाभळीखाली सपाट दगड होता. त्याला टेकून तो बसला, शाल अंगाभोवती ओढून घेतली. मंडळींचे आवाज लांब गेले. जरा डोळे मिटावेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

पलीकडे काय झालं ते त्याला नंतर कळलं. वाटेत मंडळींच्या दोन टोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंची चप्पल तुटली म्हणून काही जण धरणाच्या भिंतीच्या बाजूने रस्त्याला लागले, बाकीचे सरांबरोबर पुढे गेले आणि उन्हं कलायला लागली तसे तेही जवळच्या वाटेने वर चढले. रुपचंदभाऊ पहिल्यांबरोबर आले असतील, असं सरांना वाटलं. मागे सरांबरोबर असतील, असं पहिल्यांना वाटलं होतं. मुलं दमून सीटवर कलंडली होती. गाडी निघाली.

रुपचंदला जाग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. कितीतरी वर्षांत त्याला अशी झोप लागली नव्हती. कान अर्धे उघडे ठेवून निजायची सवय झालेली, आणि इथे त्याला आपण कुठे आहोत तेही पटकन कळलं नाही. गालावर दगडाचे वळ उठले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. तो घाईने उठला नाही. समोर पाण्यावर, जरा उंचावर, एक काळा-पांढरा पक्षी हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबला होता. चोच सरळ खाली. रुपचंद बघत राहिला. पक्षी दगड सोडल्यासारखा पाण्यात पडला, वर आला, चोचीत काही नव्हतं. थोडा पुढे जाऊन पुन्हा तसाच हवेत थांबला. सरांनी सकाळी याचं नाव सांगितलं असेल. त्याने आठवून पाहिलं नाही.

मंडळी गेली, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. वाटेवर कोणी दिसेना. घाबरायला हवं होतं, पण त्याला भीती वाटली नाही. उलट अंगातून काहीतरी सैल होत गेलं. आता आपण कुठे आहोत हे कोणालाच ठाऊक नाही, असं त्याच्या मनात आलं. वर डांबरी रस्त्याला लागलं की एखादी गाडी शिरपूरला सोडेल. शिरपूरला आग्रा रोड आहे. इकडे धुळं, तिकडे इंदूर. तो इंदूरला कधी गेला नव्हता. तिथेही शिंपी लागतच असतील. हे सगळं त्याने शांतपणे, माप घेताना आकडे मनात धरावेत तसं मनात धरलं. स्वतःला बोल लावला नाही.

मग वरून हाक आली. "रुपचंदभाऊ, ओ रुपचंदभाऊ."

सरांचाच आवाज होता, धाप लागलेला. रुपचंद जागचा हलला नाही. पुन्हा हाक आली, जरा जवळून. मग आणखी. सर आता पाण्याच्या बाजूला वळून हाका मारत होते, आणि त्यांच्या आवाजात भलतीच शंका येऊन बसली होती. रुपचंद बाभळीखाली बसून ऐकत राहिला. चार वर्षं त्याने एका चमच्याच्या आवाजाला ओ दिली होती. ही हाक त्याला ऐकू येत होती, आणि ओ म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

सरांचा आवाज चिरकला तेव्हा मात्र तो उठला. "इथे आहे सर," म्हणाला.

सर जवळजवळ धावतच आले. शिरपूरला चहाला उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, तशीच गाडी फिरवून आणली होती. ते पुन्हापुन्हा माफी मागत होते. "चूक माझी आहे, भाऊ. मीच मोजायला हवं होतं."

"मीच झोपलो सर."

"एवढ्या हाका मारल्या, ऐकू आल्या नाहीत?"

रुपचंदने शालीची घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. "आल्या," म्हणाला.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. गाडीत स्वतः उठून त्याला पुढची जागा दिली.

धुळ्यात पोचेस्तोवर दिवेलागण होऊन गेली होती. आपण काय करून बसलो होतो, हे गाडीत बसल्या बसल्या त्याला कळत आलं होतं. गल्लीत शिरताना तो झपाझप चालत होता. दाराशी आला आणि थबकला. आतून हसण्याचा आवाज येत होता. झुंबरबाईचा ठसक्याचा, आणि दुसरा कलाबाईचा. तो आवाज ओळखायला त्याला क्षणभर लागला.

कलाबाई खाटेवर नव्हती. भिंतीला टेकून खाली सतरंजीवर बसली होती, मागे दोन उशा. केसांना तेल लावून वेणी घातलेली. समोरच्या ताटात शेवभाजीचा लाल रस्सा. तिखट म्हणून रुपचंद तिला जे कधी देत नसे, तेच. तो गोळ्यांच्या पाकिटाकडे वळला.

"दुपारनी गोळी ऱ्हायनी, दाजी," झुंबरबाई आपणहून म्हणाली. "दोन्ही बहिनी गप्पा मारता मारता निजी गयत."

त्याच्या ओठांवर शब्द आले होते. कलाबाईने त्याआधीच हात वर केला. उजवा, चांगला हात.

"काही नका बोलू. दिनभर तुम्ही मना तोंडकडे देखत ऱ्हातस. हाई दुखस का, ते दुखस का." तिला दम लागला, ती थांबली. "माले बी कटाळा येस."

रुपचंद मशीनच्या स्टुलावर बसला. हे त्याला लागलं. एवढं करून हे, असं एकदा मनात आलंच. झुंबरबाई ताट उचलून मोरीकडे गेली.

"मी तठे धरणवर ऱ्हाई गयतू," तो म्हणाला. "सर माले हाका मारी ऱ्हायंतात. मी ओ दिन्ही नही."

कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. कधी नव्हे तसं नीट, लांबून पाहावं तसं.

"बरं करं," ती म्हणाली.

त्यानंतर काही फार बदललं नाही. त्याच त्या कुशी, त्याच गोळ्या, आणि दमणूक होती तेवढीच राहिली. पण सकाळचे काही तास इंदिराबाई निवडण-टिपण घेऊन कलाबाईपाशी येऊन बसायला लागल्या, आणि रुपचंद तेवढ्या वेळात बाजारात जाऊन दोरे, अस्तर घेऊन यायचा, वाटेत कुणाशी दोन शब्द बोलायचा. पुढच्या महिन्यात झुंबरबाई पुन्हा आली. सरांनी याही वेळी बोलावलं होतं. रुपचंदने नाही म्हणून सांगितलं. जेवून तो बाहेर पडला, पांझरा नदीच्या काठी एका देवळाच्या मंडपात गेला, सदरा काढून घडी करून डोक्याखाली घेतला आणि उन्हं उतरेपर्यंत झोपला.