मधूचा बँड आणि तीन बादल्या पाणी

माझा धाकटा भाऊ मधू मंगळवारी सकाळी सव्वासहाला गेला.

तेरवीला मला दोन शब्द बोलायला सांगितलं, कारण घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच. मी म्हणालो, मधूने नागपूरच्या लकडगंजातली आमची लाकूड चिरायची आरामशीन चाळीस वर्षं सांभाळली, तो कष्टाळू होता. लोकांनी माना हलवल्या. पण तो आरामशिनीवर का गेला, ते मी बोललो नाही. ते इथे लिहितो.

सत्तरच्या दशकात मधूने तीन मित्रांबरोबर रॉक बँड काढला. नाव ‘द सिव्हिल लाइन्स’. (बड्या साहेबांच्या त्या वस्तीत चौघांपैकी एकही राहत नव्हता. आम्ही प्रताप नगरचे.) मधू गिटार वाजवायचा, म्हणजे गिटार गळ्यात घालून गुडघ्यांवर घसरत जायचा. मधूनमधून तारांना हात लागे. ड्रमवाला बंडू काड्या हवेत फेकायचा आणि झेलायचा नाही!

मे महिन्यात आमच्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं. मधू बाबांसमोर उभा राहिला.

“बाबा, रिसेप्शनले आमचा बँड वाजवू द्या.”

“बँड वरपक्षानं सांगितला आहे. महाल भागातला.”

“तो वरातीतला. आमचा स्टेजवरचा.”

“दोन-दोन बँड काहून पाहिजे? लग्न एकच आहे नं!”

शेवटी सुमन रडली, तेव्हा बाबा थोडे नरमले. “ठीक आहे. व्याह्यांनी एकदा मान डोलावली, तर दोन वर्षं वाजव, मी बोलणार नाही. नाही डोलावली, तर सोमवारपासून आरामशिनीवर.”

मधू त्या आठवड्यात धड जेवला नाही.

त्याने कुठल्याशा मासिकात एका गायकाचा फोटो पाहिला होता. केस मागे उडताहेत, भोवती रंगीत धूर. केस मधूकडे होते. वाऱ्यासाठी त्याने मांडवातला एक कूलर स्टेजच्या कडेला ठेवला, आणि जास्त वारा यावा म्हणून त्याच्या पाणी झिरपणाऱ्या वाळ्याच्या ताट्या काढून टाकल्या. धुराऐवजी पंख्यासमोर कागदात गुलाल.

“दादा, तिसऱ्या गाण्याले मी हात वर केला की बटन दाबजो. दुसरं काहीच नको करू.”

“मी काय करणार दुसरं?” मी म्हणालो. हातात पुस्तक होतं.

आता नागपूरकरांना सांगायला नको की आमच्याकडे कूलरमध्ये पाणी भरणं हा एक संस्कार असतो. आमच्या घरी मार्च ते जून ते काम माझं. कोरडी टाकी दिसली की माझे हात आपोआप बादलीकडे जातात. मी वाचता वाचता तीन बादल्या ओतल्या. जरा समाधानही वाटलं!

पहिलं गाणं बरं झालं. बंडूची एक काडी मठ्ठ्याच्या घंगाळात पडली, पण ती ओगराळं समजून कोणी बोललं नाही. दुसऱ्या गाण्याला मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत बाबा आणि व्याही, दोघेही पांढऱ्या शुभ्र धोतरात. आणि व्याह्यांची मान डोलत होती! (ती डुलकी होती असं सुमन म्हणते. मी मानत नाही. बाबांनीही ती पाहिली होती.)

तिसरं गाणं. मधूने हात वर केला. मी बटन दाबलं. सवयीने पंपाचंही दाबलं.

पंपाचं पाणी, ताट्या नसल्यामुळे, थेट पंख्याच्या पात्यांवर पडलं आणि गुलालाला बरोबर घेऊन सुटलं. मधूला ओल्या गिटारीतून शॉक बसला. त्याने अशी उडी मारली की लोकांनी टाळ्या वाजवल्या! ‘वन्स मोअर’ही आला. तो खाली आला तेव्हा स्टेजची दोन तख्तं बाजूला सरकली, आणि मधल्या फटीतून बंडू ड्रमसकट दिसेनासा झाला. मग सगळे दिवे गेले.

कंदील आला तेव्हा व्याही नखशिखांत गुलाबी होते. बाबाही.

“कूलरमध्ये पाणी कोणी टाकलं?” बाबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

“मी टाकलं,” मधू म्हणाला.

“काहून?”

“गरम होऊन राह्यलं होतं, बाबा.”

व्याह्यांच्या डोललेल्या मानेचं मग कोणी नावही काढलं नाही. सोमवारी तो लकडगंजला गेला.

मी त्याला नंतर विचारलं, “माझं नाव काहून नाही सांगितलं?” तो म्हणाला, “तुले बाबा बोलले असते तं तू आठ दिवस जेवला नसता. मले सवय आहे.” मी बाबांकडे जाऊन खरं सांगणार होतो. आधी नीट शब्द जुळवत होतो. शब्द जुळेपर्यंत बाबा वारले.

गेल्या महिन्यात दवाखान्यात मी तो विषय काढला. मधूचे केस तोवर राहिले नव्हते.

“दादा, ते डोक्यातून काढ गा. आम्ही वाईटच वाजवत होतो.”

“खोटं बोलून राह्यला?”

“थोडंसं,” तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.

पाण्याची ती गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. आता मी एकटा आहे. शब्द सगळे जुळले आहेत, आणि मला रागवायला कोणी उरलेलं नाही.